पाच तत्त्वांचा तक्ता आणि तेलाची बाटली : चिनी ‘वू शिंग’ सिद्धांताची चिकित्सा

१. प्रास्ताविक

या टिपणाचा विषय माझ्या नेहमीच्या अध्यापनाबाहेरचा आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात नियंत्रण प्रणाली शिकवतो. वैद्यकाचा मी विद्यार्थी नाही. तरीही हे टिपण लिहिण्याचे कारण घरातलेच आहे.

माझ्या वडिलांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी त्यांना रोज घ्यावी लागते. काही वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे दुखू लागले. ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना ‘चिनी पंचतत्त्व संतुलन’ शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या शिबिराला नेले. तिथे जीभ पाहून, चार प्रश्न विचारून सांगण्यात आले की वडिलांचे जलतत्त्व क्षीण झाले आहे. हाडे आणि गुडघे जलतत्त्वाच्या ताब्यात असतात, म्हणून गुडघे दुखतात. उपाय म्हणून एक वनस्पती तेल मिळाले. ते दोन वेळा गुडघ्यांना आणि कमरेला चोळायचे होते.

दुखणे खरोखर कमी झाले. पण तीन आठवड्यांनी दंडावर आणि मांड्यांवर काळेनिळे डाग दिसू लागले. रक्त गोठण्याची तपासणी केली, तेव्हा जो आकडा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान असायला हवा, तो पाचाच्या वर गेला होता. डॉक्टरांनी वडिलांच्या अंगाचा वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “तेल कोणतं लावता?” तेल बंद केले, गोळीची मात्रा काही दिवस सांभाळली आणि प्रसंग निभावला.

शिबिराच्या संचालकांना मी फोन केला. ते अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, “जल वाढलं, म्हणून पृथ्वीवर ताण आला. प्लीहा पृथ्वीची, आणि रक्ताला वाहिन्यांत धरून ठेवते ती प्लीहाच. आता आपण पृथ्वीचं तेल देऊ.” हे उत्तर त्यांच्या शास्त्राप्रमाणे चुकीचे नव्हते, आणि माझ्या अस्वस्थतेचे कारण नेमके तेच होते. ज्या शास्त्रात गुण आला तरी स्पष्टीकरण तयार असते आणि अपाय झाला तरी तितकेच तयार असते, त्या शास्त्राचे मूल्यमापन कसे करायचे? या टिपणात आपण ते पाहणार आहोत.

२. सिद्धांत नेमका काय सांगतो?

चिनी भाषेत या सिद्धांताला ‘वू शिंग’ म्हणतात. ‘वू’ म्हणजे पाच. ‘शिंग’चा मूळ अर्थ चालणे, गती. म्हणून अनेक अभ्यासक ‘पाच तत्त्वे’ ऐवजी ‘पाच अवस्था’ असे भाषांतर अधिक योग्य मानतात. या पाच अवस्था आणि त्यांना जोडलेल्या प्रमुख गोष्टी अशा :

काष्ठ : वसंत, यकृत, डोळे, क्रोध, आंबट चव
अग्नी : उन्हाळा, हृदय, जीभ, आनंद, कडू चव
पृथ्वी : उन्हाळ्याचा उत्तरकाळ, प्लीहा, तोंड, चिंतन, गोड चव
धातू : शरद, फुप्फुसे, नाक, शोक, तिखट चव
जल : हिवाळा, मूत्रपिंडे, कान, भय, खारट चव

यांच्यात दोन चक्रे कल्पिलेली आहेत. पहिले उत्पत्तिचक्र : काष्ठातून अग्नी, अग्नीतून राख म्हणजे पृथ्वी, पृथ्वीतून धातू, धातूतून जल आणि जलातून पुन्हा काष्ठ. दुसरे नियंत्रणचक्र : काष्ठ पृथ्वीला भेदते, पृथ्वी जलाला अडवते, जल अग्नीला विझवते, अग्नी धातूला वितळवतो, धातू काष्ठाला तोडतो. आरोग्य म्हणजे या दोन चक्रांचा तोल आणि आजार म्हणजे त्यातला बिघाड.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडची पंचमहाभूते म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश. ही यादी आणि चिनी यादी एकच आहेत असे समजून दोन्हींची सरमिसळ सर्रास केली जाते. चिनी यादीत वायू नाही, आकाश नाही. तिथे काष्ठ आणि धातू आहेत. शिवाय महाभूते ही पदार्थ कशाचे बनले आहेत या प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडली गेली, तर ‘वू शिंग’ ही बदल कोणत्या क्रमाने होतो या प्रश्नाचे. दोन परंपरांतला ‘पाच’ हा आकडा सारखा आहे, विचार सारखा नाही.

३. सिद्धांताचा उगम

पाच अवस्थांची जुनी यादी ‘शू चिंग’ या ग्रंथातील ‘होंग फान’ या प्रकरणात आढळते. तिथे क्रम जल, अग्नी, काष्ठ, धातू, पृथ्वी असा आहे आणि प्रत्येकीला एक चव जोडलेली आहे. शरीराचे अवयव त्या यादीत नाहीत.

या कल्पनेला व्यापक सिद्धांताचे रूप देण्याचे श्रेय इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील त्सोउ येन या विचारवंताला दिले जाते. त्याचा विषय वैद्यक नव्हता, राजकारण होता. प्रत्येक राजवंश एका अवस्थेच्या बळावर सत्तेवर येतो आणि तिला जिंकणारी अवस्था पुढच्या राजवंशाची असते, असे त्याने मांडले. चौ घराणे अग्नीचे मानले गेले, म्हणून त्याची जागा घेणाऱ्या छिन सम्राटाने जल स्वीकारले. राजवस्त्रांचा आणि ध्वजांचा रंग काळा झाला, सहा या आकड्याला मान मिळाला. पुढे इ.स.पू. १०४ मध्ये हान सम्राट वू याने जलाला जिंकणारी पृथ्वी आणि तिचा पिवळा रंग स्वीकारला.

अवयव, ऋतू, भावना आणि चवी यांचा सविस्तर तक्ता ‘हुआंग-दी नेइ-चिंग’ या वैद्यकग्रंथात येतो. त्याचे संकलन साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतले मानले जाते. म्हणजे विश्व, राज्य आणि शरीर यांना एकाच साच्यात बसवण्याचा जो प्रयत्न त्या काळी चालू होता, त्याचाच हा एक भाग होता. उगम राजकारणात आहे म्हणून सिद्धांत खोटा ठरत नाही. पण ‘हजारो वर्षे रुग्ण तपासून हा तक्ता तयार झाला’ हे विधान मात्र इतिहासाला धरून नाही.

४. चीनमधूनच झालेली टीका

या सिद्धांतावर टीका म्हणजे पाश्चात्त्यांचा पूर्वग्रह, असे अनेकदा म्हटले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पहिले आणि सर्वांत नेमके आक्षेप चिनी विचारवंतांचेच आहेत.

मोत्झूच्या परंपरेतील तर्कग्रंथात असे प्रतिपादन आहे की पाच अवस्थांपैकी कोणतीही दुसरीला नेहमीच जिंकते असे नाही. आग भरपूर असेल तर ती धातू वितळवते. पण धातू भरपूर असेल तर कोळसाच संपून जातो. अभियंत्याला हा आक्षेप लगेच पटेल. ‘जल अग्नीला विझवते’ हे वाक्य अपुरे आहे. किती पाणी आणि किती आग, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पेटलेल्या गोदामावर तांब्याभर पाणी टाकून पाहावे!

पहिल्या शतकात वांग छोंग याने ‘लुन हंग’ या ग्रंथात दुसरा आक्षेप घेतला. त्या काळी प्राण्यांनाही तत्त्वे वाटून दिलेली होती : उंदीर जलाचा, घोडा अग्नीचा, कोंबडा धातूचा, ससा काष्ठाचा. मग उंदीर घोड्याला का पळवून लावत नाही आणि कोंबडा सशाला का खात नाही, असे त्याने विचारले. त्याहून मार्मिक प्रश्न शरीराविषयी होता. माणसाच्या छातीपोटात पाच तत्त्वांचे पाच अवयव एकत्र राहतात. ते एकमेकांवर सतत हल्ला करत असतात असे मानायचे का?

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हान काळात अवयवांचे दोन वेगवेगळे तक्ते प्रचलित होते. एका परंपरेत हृदय अग्नीचे, यकृत काष्ठाचे, प्लीहा पृथ्वीची आणि फुप्फुसे धातूची. दुसऱ्या परंपरेत हृदय पृथ्वीचे, यकृत धातूचे, प्लीहा काष्ठाची आणि फुप्फुसे अग्नीची. मूत्रपिंडे तेवढी दोन्हीकडे जलाची. इ.स. १०० च्या सुमारास कोशकार शू शेन याने हा मतभेद नोंदवला आहे. दुसऱ्या शतकातील भाष्यकार चंग श्वेन याने त्यावर निर्णय दिला की वैद्य पहिल्या तक्त्याने उपचार करतात तेव्हा रुग्ण बरे होतात. उलटे केले तर मरतील किंवा अधिक आजारी पडतील. प्रश्न अगदी योग्य होता : कोणता तक्ता रुग्णाला बरे करतो? पण दोन गट करून दोन्ही तक्ते ताडून पाहिल्याचा दाखला त्याने दिलेला नाही. तुलना न करताच निकाल लागला आणि पाचांपैकी चार अवयवांचे तत्त्व एका बाजूने कायम झाले.

विसाव्या शतकात ही टीका अधिक तीव्र झाली. यू युनश्यू या डॉक्टरांनी १९१७ मध्ये नेइ-चिंगच्या सिद्धांतावर कठोर ग्रंथ लिहिला. ल्यांग छिछाओ यांनी १९२३ च्या निबंधात यिन-यांग आणि पाच अवस्थांना दोन हजार वर्षांच्या अंधश्रद्धेचे मुख्य ठाणे ठरवले. १९२९ मध्ये यू यांनी जुन्या वैद्यकावर बंदीचा प्रस्ताव मांडला. वैद्यांनी शांघायमध्ये मोठा विरोध केला आणि बंदी अमलात आली नाही. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, क्वांगचौ आणि छंगतू येथे पारंपरिक वैद्यकाची सरकारी महाविद्यालये निघाली. आज आपण ज्याला एकसंध ‘प्राचीन चिनी वैद्यक’ म्हणतो, त्याची पाठ्यपुस्तकी मांडणी बऱ्याच अंशी या काळातली आहे.

५. दहा बाणांची अडचण

आता सिद्धांताची रचना गणिताच्या अंगाने पाहू. कागदावर पाच बिंदू काढा. उत्पत्तिचक्राचे पाच बाण काढले की पंचकोन तयार होतो. नियंत्रणचक्राचे पाच बाण आत काढले की पाच टोकांची चांदणी होते. एकूण बाण दहा. आता पाच बिंदूंमधून दोन-दोनच्या किती जोड्या होतात? त्याही दहाच. म्हणजे एकही जोडी बाणाशिवाय उरत नाही.

ही रचना अत्यंत देखणी आहे. तीन बिंदू घेतले तर एकाच चक्रात सगळ्या जोड्या संपतात. सात घेतले तर तीन चक्रे लागतात. पाच बिंदूंत मात्र बरोबर दोन चक्रे बसतात, एक जन्म देणारे आणि एक आवर घालणारे. या सिद्धांताच्या आकर्षणाचे एक कारण या सममितीत असावे, असे मला वाटते.

पण अडचणही तिथेच आहे. परंपरेने प्रत्येक बाण उलटाही चालू शकतो असे मानले आहे. माता दुबळी असेल तर अपत्य दुबळे होते. अपत्य अतिरेकी झाले तर मातेची शक्ती ओढून घेते. नियंत्रक प्रमाणाबाहेर दाबू शकतो. ज्याला दाबायचे तोच बळावला तर नियंत्रकावर उलटतो. परिणामी दहा बाणांचे वीस मार्ग होतात. पाच अवयवांमध्ये ‘अमुकामुळे तमुक बिघडले’ अशी विधाने एकूण वीसच शक्य आहेत, आणि सिद्धांत ती वीसही मान्य करतो.

माझ्या वडिलांचा प्रसंग आता पुन्हा पाहा. पृथ्वी जलाला अडवते, हा सरळ बाण. जल बळावून पृथ्वीवर उलटले, हा उलटा बाण. डाग पडले तर प्लीहा दोषी. डाग पडले नसते, तर पृथ्वीने जलाला नीट आवरले असे म्हणता आले असते.

ओहमच्या नियमाशी याची तुलना करा. १० व्होल्ट आणि ५ ओहम दिले की विद्युतधारा २ ॲम्पिअरच आली पाहिजे. ३ आली तर कुठेतरी चूक आहे : मापनात, जोडणीत किंवा गृहीतकात. हा नियम उपयोगी आहे, कारण तो अगणित शक्यता नाकारतो. जो सिद्धांत काहीच नाकारत नाही, तो घडून गेल्यावर सगळे समजावतो; पण उद्या काय होणार हे सांगू शकत नाही. आणि रुग्णाला तर उद्याच जगायचे असते.

‘संतुलन’ हा शब्दही तपासावा लागेल. नियंत्रण प्रणालीत संतुलन म्हणायचे तर तीन गोष्टी लागतात : कोणती राशी मोजतो, तिचे अपेक्षित मूल्य किती आणि ती मोजणारा संवेदक कोणता. जलतत्त्वाचे एकक कोणते? माझ्या वडिलांचे जल किती होते आणि तेलाने किती झाले? अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००४ च्या सुमारास संधिवाताचे ३९ रुग्ण चिनी वैद्यकाच्या तीन वैद्यांकडून स्वतंत्रपणे तपासून घेतले. परंपरेच्या परिभाषेतील निदानावर त्यांचे एकमत एक तृतीयांशापेक्षा कमी भरले. तीन तापमापकांनी एकाच पाण्याचे तीन आकडे दाखवले, तर आपण आधी पाण्याला दोष देऊ की तापमापकांना?

६. तेले या तक्त्यात आली कशी?

नेइ-चिंगमध्ये भर आहे तो मुख्यतः सुया टोचणे आणि शेक देणे यांवर. औषधी योग त्यात जेमतेम तेरा आहेत. पुढील चिनी औषधपरंपरा प्रामुख्याने काढे, गोळ्या, लेप आणि औषधी मद्य यांची आहे. बाष्पाने ऊर्ध्वपातन करून काढलेली सुगंधी तेले तत्त्वानुसार वाटून देणे, हा विसाव्या शतकातला संकर आहे. ‘ॲरोमाथेरपी’ हा शब्दच फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे यांनी १९३७ च्या आपल्या पुस्तकातून प्रचारात आणला. त्यानंतर युरोप-अमेरिकेत तिचा चिनी तक्त्याशी मेळ घातला गेला.

निलगिरी आणि टी-ट्री ही दोन लोकप्रिय तेले घ्या. दोन्ही झाडे मूळची ऑस्ट्रेलियातली. निलगिरी तेलाचा व्यापारी उद्योग तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला, तर टी-ट्री तेलाकडे लक्ष गेले १९२० च्या दशकात. नेइ-चिंगच्या संकलकांना ही झाडे माहीत असणे शक्यच नव्हते. तरी बाटलीवर ‘प्राचीन चिनी ज्ञान’ लिहिलेले असते.

याहून गमतीची गोष्ट मूळ तक्त्यातच आहे. नेइ-चिंगमध्ये पाच तत्त्वांना पाच वासही दिले आहेत. काष्ठाचा वास बकऱ्याच्या अंगासारखा उग्र, अग्नीचा करपट, धातूचा कच्च्या मांस-मासळीसारखा आणि जलाचा कुजका. ‘सुगंध’ हा वास फक्त पृथ्वीला दिला आहे. म्हणजे मूळ ग्रंथ प्रमाण मानला तर गुलाब, लव्हेंडर, चंदन ही सगळी सुवासिक तेले पृथ्वीतत्त्वाची ठरतात आणि मूत्रपिंडांसाठी कुजक्या वासाचे तेल शोधावे लागते. असे तेल कोणी विकत नाही. ग्रंथ प्राचीन म्हणून पुढे करायचा आणि त्यातले गैरसोयीचे कलम गुपचूप बाजूला ठेवायचे, ही पद्धत ग्रंथाचाही मान राखत नाही.

७. बाटलीत खरोखर काय असते?

चिनी समाजात लोकप्रिय झालेली मलमे आणि मालिशतेले पाहिली तर मूठभर रसायने पुन्हापुन्हा दिसतात : मेंथॉल, कापूर, मिथाइल सॅलिसिलेट, निलगिरी, लवंग. टायगर बाममध्ये मेंथॉल, कापूर आणि लवंगतेल असते. आपल्या घरातली अमृतधारा त्यांचीच बहीण. पुदिन्याचे फूल, कापूर आणि ओव्याचे फूल हे तिन्ही घन पदार्थ एकत्र करताच त्यांचा द्रवणांक उतरतो आणि खोलीच्या तापमानालाच पाणी होते. यात जलतत्त्व जागे झालेले नसते. याला सुद्रावी मिश्रण म्हणतात.

मेंथॉलने त्वचा थंड वाटते, पण तिचे तापमान तितके उतरलेले नसते. चेतातंतूंतील टीआरपीएम-८ नावाचे जे प्रथिन थंडी ओळखते, तेच मेंथॉलनेही उघडते. ही ओळख २००२ मध्ये पटली. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. मेंथॉलचा परिणाम मेंथॉलमुळे होतो. लावणाऱ्याचे तत्त्व कोणतेही असो.

मिथाइल सॅलिसिलेट हा गंधपुरा तेलाचा जवळजवळ एकमेव घटक आहे. तो त्वचेतून शोषला जातो आणि शरीरात त्याचे सॅलिसिलिक आम्ल होते, म्हणजे ॲस्पिरीनचे जवळचे नातलग. म्हणूनच वडिलांचे गुडघे थांबले. आणि म्हणूनच डाग पडले, कारण सॅलिसिलेट वॉरफरिनचा परिणाम वाढवते. अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झालेली आहे. गुण आणि अपाय दोन्हींचे कारण एकच रेणू होता. एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, शुद्ध गंधपुरा तेलात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते. ३२५ मिलिग्रॅमच्या ॲस्पिरीनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके. घरातल्या लहान मुलाने ही बाटली तोंडाला लावली तर जीव जाऊ शकतो. कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येतात. अमेरिकेत अशा औषधांत कापराचे प्रमाण ११ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

पंचतत्त्वांच्या तक्त्यात या कशालाच जागा नाही. वय, मात्रा, चालू असलेली औषधे, शोषणाचा वेग यांतला एकही रकाना त्यात नाही. शिबिरात वडिलांना राग जास्त येतो की भीती, हे विचारले गेले. ‘कोणती गोळी चालू आहे?’ हे कोणीच विचारले नाही.

८. वनौषधींचे दोन धडे

या टीकेचा अर्थ चिनी वनौषधी निरुपयोगी आहेत असा घेऊ नये. १९६७ मध्ये चीनने हिवतापावरील औषधासाठी ‘प्रकल्प ५२३’ सुरू केला. त्यात काम करणाऱ्या तू योयो यांना चौथ्या शतकातील गे होंगच्या ग्रंथात छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घेण्याची कृती सापडली. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण जात असेल, हे त्यांनी ताडले आणि कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधील हिवतापाचे जंतू शंभर टक्के नष्ट केले. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ चे नोबेल. परंपरेतून उपयोगी पडली ती कृतीची काटेकोर नोंद. अर्क चालतो की नाही हे प्रयोगाने ठरवले.

दुसरा धडा उलटा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी साधर्म्याच्या नावाची ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ही चूक पुरवठ्यातली होती, हे मान्य. पण ॲरिस्टोलोकियाच्या काही जाती चिनी औषधांत दीर्घकाळ अधिकृतपणे वापरात होत्या. जो तक्ता मूत्रपिंडांना जलतत्त्वाचे आसन देतो, त्याला त्यांची हळूहळू होणारी हानी दिसली नाही. ती रक्ततपासणीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसली.

९. सिद्धांताच्या बाजूने

न्याय्य चिकित्सेत दुसरी बाजूही यायला हवी. ऋतू, आहार, झोप, भावना आणि शरीर यांचा एकत्र विचार करावा, हा आग्रह मोलाचा आहे. ज्या काळात रसायनशास्त्र नव्हते, त्या काळात शेकडो निरीक्षणे लक्षात ठेवण्यासाठी असा तक्ता उत्तम आधार होता. जोसेफ नीडहॅम यांनीही हा विचार त्या काळचा गंभीर निसर्गविचार म्हणूनच अभ्यासला. शिबिरात वडिलांना कोणीतरी अर्धा तास शांतपणे विचारपूस करणारे भेटले. आमच्या रुग्णालयात पाच मिनिटे मिळतात. मालिशीने बरे वाटते, सुवासाने मन हलके होते. हे अनुभव खरे आहेत. पण ते विचारपूस, मालिश आणि सुवास यांचे पुरावे आहेत, पाच तत्त्वांचे नव्हेत.

१०. तपासायचे कसे?

तेल उपयोगी आहे का आणि तक्ता खरा आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे ‘हो’ उत्तर दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणे, ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी चूक आहे.

तक्ता तपासण्याची एक सोपी रचना पाहा. आधी वैद्याने प्रत्येक रुग्णाचे तत्त्व लिहून द्यावे. नंतर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. पहिल्या गटाला तक्त्याप्रमाणे तेल द्यावे, दुसऱ्याला उरलेल्या चार तत्त्वांपैकी कोणतेही. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि मोजणाऱ्याला माहीत नसावे. वास लपवता येत नाही. पण रुग्णाला तक्ताच ठाऊक नसेल तर ‘बरोबर’ वास कोणता हे त्याला कळणार नाही. दोन्ही गटांना सारखाच गुण आला, तर तेल कामाचे आणि तक्ता बिनकामाचा. चंग श्वेनने विचारलेल्या प्रश्नाला अठराशे वर्षांनी असे प्रामाणिक उत्तर देता येईल. अर्थात, वॉरफरिन घेणाऱ्याला अशा प्रयोगात घ्यायचे नाही, हे आधीच लिहून ठेवायचे.

११. समारोप

‘वू शिंग’ हा प्राचीन चीनच्या विचारविश्वाचा महत्त्वाचा भाग आहे आणि इतिहास म्हणून तो अभ्यासला पाहिजे. उपचाराचा आधार म्हणून मात्र तो अपुरा पडतो. कारण तो काहीच नाकारत नाही, काहीच मोजत नाही आणि मात्रेबद्दल गप्प राहतो. वनस्पती तेले प्रभावी असतात, आणि प्रभावी असतात म्हणूनच धोकादायकही असू शकतात.

वडील आता गुडघ्यांना गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात आणि दुखले की डॉक्टरांना विचारतात. ती बाटली मी टाकली नाही. दरवर्षी पहिल्या तासाला ती वर्गात नेतो, टेबलावर ठेवतो आणि मुलांना एवढेच विचारतो : हिच्यातले काय मोजता येईल?

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या घरातील एखाद्या वेदनाशामक मलमावरील घटक वाचा. प्रत्येकाचे कार्य आणि प्रमाण लिहा. त्यांपैकी कोणत्या घटकाचा चालू औषधांशी संबंध येऊ शकतो?
२. सहा बिंदू घेऊन प्रत्येक जोडी नेमकी एकदा येईल अशा पूर्ण चक्रांत सगळ्या जोड्या विभागता येतात का? नसल्यास का?
३. तुमच्या प्रदेशातील एखादा पारंपरिक आरोग्यविचार निवडा. तो कोणती गोष्ट ‘घडणारच नाही’ असे सांगतो, ते शोधा. काहीच सापडले नाही, तर त्याचा अर्थ काय, यावर दहा ओळी लिहा.